नाशकातल्या रसिकांसाठी अ‍ॅप बनवायचंय? मग सुरुवात अशी करा

नाटक, गाणं, चित्रप्रदर्शन, व्याख्यानं, लेणी, यातल्या कशाचं तरी वेड आहे आणि त्या वेडापायी मोबाईल अ‍ॅप बनवावं असं डोक्यात आलंय, अशा नवीन मंडळींसाठी हे लिहितोय. थोडंफार कोडिंग येत असेल तर उत्तम, येत नसेल तरी निम्म्याहून जास्त लेख तुमच्याच कामाचा आहे, कारण कलेच्या अ‍ॅपमध्ये कोड लिहिणं त्यामानाने सोपं असतं, आतली माहिती दर आठवड्याला ताजी ठेवणं हे खरं अवघड. माझं ठाम मत आहे की असली अ‍ॅप्स कोड वाईट म्हणून बंद पडत नाहीत, माहिती भरणारा माणूस उरला नाही म्हणून पडतात. त्यामुळे खाली माहितीवर जास्त बोलणार आहे आणि फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडिंगच्या तयार साधनांवर, कमी.

पायरी १: कोणासाठी आणि नेमकं कधी वापरायला

"नाशिकचे रसिक" असा काही एकच माणूस नसतो. कालिदास कलामंदिरात व्यावसायिक नाटक बघायला येणारं कुटुंब वेगळं, साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत रोज येऊन बसणारे वेगळे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला येणारे आजी-आजोबा वेगळे, कुसुमाग्रज स्मारकात कवितेचा कार्यक्रम असला की येणारी कॉलेजची पोरं वेगळी, आणि रविवारी सकाळी पांडवलेणी चढणारे तर वेगळेच. या सगळ्यांना एकाच अ‍ॅपमध्ये बसवायला गेलात तर पहिल्या दिवसापासून मेनूत बारा बटणं होतील आणि कोणालाच आपलं बटण सापडणार नाही.

म्हणून दोन गोष्टी एका कागदावर लिहून काढा. एक म्हणजे कोण, आणि दुसरी म्हणजे तो माणूस फोन नेमका कधी हातात घेणार. घरून निघायच्या आधी (काय आहे, किती वाजता, तिकीट कुठे), की तिथे पोचल्यावर (हे चित्र कोणाचं, हा शिलालेख काय सांगतो), की घरी परत गेल्यावर (पुढचा प्रयोग कधी). पहिल्या आवृत्तीसाठी यातली एकच वेळ पकडा.

हे ठरवायला ऑफिसात बसून चालत नाही. मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहायचं आणि लोकांशी बोलायचं. "अ‍ॅप आवडेल का" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं की आजच्या प्रयोगाचं कसं कळलं, मागच्या महिन्यात एखादा कार्यक्रम होऊन गेल्यावर कळला असं झालं का, घरी परत कसं जाणार. उत्तरं ऐकताना फोनकडेही बघून घ्या, किती जणांचा फोन मुलाने वापरून दिलेला जुना आहे, अक्षर किती मोठं करून ठेवलंय, स्टोरेज भरलंय का. तुमच्या डिझाईनचे निम्मे निर्णय तिथेच होऊन जातात.

पायरी २: अ‍ॅपच पाहिजे का हे आधी तपासा

महिन्याला चार कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला बहुतेक वेळा अ‍ॅप लागत नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप चॅनल, एक शेअर केलेलं गुगल कॅलेंडर आणि मोबाईलवर नीट दिसणारं एक साधं वेबपेज, एवढ्यात काम भागतं आणि ते आजच सुरू करता येतं. वेबपेजला पुढे पीडब्ल्यूए करता येतं, म्हणजे ब्राउझरमधूनच होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येतो, आणि आयफोनवरही आयओएस १६.४ पासून असं होम स्क्रीनवर घेतलेलं वेबअ‍ॅप नोटिफिकेशन पाठवू शकतं.

खरं अ‍ॅप लागतं ते नेटशिवाय ऑडिओ ऐकवायचा असेल तर, दारावर तिकीट स्कॅन करायचं असेल तर, हॉलमध्ये टॅबलेट मांडून ठेवायचे असतील तर, किंवा शहरभरातल्या अनेक संस्थांचे कार्यक्रम एकाच जागी आणून प्रत्येकाला त्याच्या आवडीप्रमाणे आठवण द्यायची असेल तर. यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर वेबपेज बनवा आणि वाचलेला वेळ माहिती गोळा करण्यात घाला.

पायरी ३: माहिती (इथे घाई करू नका)

सुरुवात गुगल शीटपासून करा, डेटाबेसपासून नको. आणि शीटमध्ये पहिल्याच दिवशी एक फरक करून ठेवा, नाटक वेगळं आणि प्रयोग वेगळा. नाटक म्हणजे नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, किती वेळाचं, लहान मुलांना चालेल का. प्रयोग म्हणजे तारीख, वेळ, स्थळ, दर, तिकिटासाठी संपर्क. एकाच नाटकाचे नाशकात वर्षात पाच प्रयोग झाले तर नाटकाची माहिती एकदाच भरायची आणि प्रयोगाच्या पाच ओळी. नवीन लोक सगळं एका ओळीत कोंबतात आणि मग कलाकार बदलला की पाच ठिकाणी दुरुस्ती करत बसावं लागतं, त्यात एक ठिकाण हमखास राहतं. गाण्याच्या मैफिलीला हेच लागू, आणि प्रदर्शनाला थोडं वेगळं, कारण प्रदर्शनाला सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात, रोजच्या वेळा असतात आणि उद्घाटनाची वेळ परत वेगळी.

स्थळांची वेगळी यादी करा. बोर्डावर "महाकवी कालिदास कलामंदिर" असतं, पत्रिकेवर "कालिदास नाट्यगृह" येतं, लोक नुसतं "कालिदास" म्हणतात. तसंच "परशुराम साईखेडकर नाट्यगृह", "प. सा. नाट्यगृह" आणि "साईखेडकर". तिन्ही नावं एकाच स्थळाला जोडून ठेवा म्हणजे कोणी काहीही शोधलं तरी सापडेल. प्रत्येक स्थळापुढे ज्या गोष्टी विचारायला लोकांना संकोच वाटतो त्या आवर्जून भरा: पायऱ्या किती चढाव्या लागतात, रॅम्प आहे का, स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठे लावायची, आणि नऊचा प्रयोग सुटल्यावर सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, बस मिळते का रिक्षाच बघावी लागते. सिडको किंवा सातपूरहून एकट्या येणाऱ्या बाईचं नाटकाला जायचं की नाही हे बऱ्याचदा या शेवटच्या ओळीवर ठरतं, आणि हे छापील जाहिरातीत कधीच नसतं, म्हणून तुमच्या अ‍ॅपची खरी किंमत तिथे आहे असं मला वाटतं. ही माहिती स्वतः तिथे जाऊन भरा, फोनवर विचारून नको.

आता तारीख-वेळ. "पाडवा पहाट, पिंपळपार" असं आलं की पाडव्याची इंग्रजी तारीख काढून पहाटेची वेळ नीट सकाळ म्हणून टाका. रात्रभर चालणारं भजन किंवा जागर असेल तर सुरुवातीची तारीख आणि संपायची तारीख वेगळी येते हे विसरू नका, आणि "शनिवारी रात्री साडेबारा" असं कोणी कळवलं तर शनिवार उजाडायच्या आधीचे साडेबारा की शनिवार संपल्यानंतरचे, हे फोन करून विचाराच. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, त्याच्या आगेमागे एकाच संध्याकाळी शहरात चार-चार कार्यक्रम असतात, अशा दिवशी वेळेची चूक झाली तर माणूस दोन्हीकडून मुकतो.

प्रत्येक प्रयोगाला एक स्थिती द्या: ठरला, हाऊसफुल्ल, पुढे ढकलला, रद्द. रद्द झालेला कार्यक्रम यादीतून पुसू नका, "रद्द" असं ठळक दाखवून तसाच ठेवा. पुसला तर माणसाला वाटतं अ‍ॅपमध्ये दिसत नाहीये म्हणजे काहीतरी गडबड झाली असेल, आणि तो सरळ हॉलवर जाऊन उभा राहतो.

माहिती येणार कुठून? बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोस्टरमधून. इथे एक तांत्रिक अडचण येते, बरेच डीटीपीवाले अजून श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, ते युनिकोड (म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखीच अक्षरं दाखवणारी पद्धत) नसतात, त्यामुळे त्यांच्या फाईलमधला मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आयोजकाला विनंती करायची की पोस्टरबरोबर फोनवर टाईप केलेले चार ओळींचे तपशीलही पाठवा. नाहीच पाठवले तर गुगल लेन्सने पोस्टरवरचा मजकूर उचला आणि मग डोळ्यांनी एकदा तपासा, विशेषतः आकडे आणि आडनावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शीट भरायला किमान दोन माणसं नेमा आणि वार ठरवून घ्या. सोमवारी रात्री एक जण भरेल, मंगळवारी दुसरा तपासेल, असं काहीतरी. ही दोन नावं ठरल्याशिवाय कोडची एक ओळही लिहू नका.

पायरी ४: कागदावर स्क्रीन

ए-फोर कागद घ्या, चार घड्या घाला, प्रत्येक चौकोन म्हणजे एक स्क्रीन. पहिल्या स्क्रीनवर आज, उद्या, या शनिवार-रविवारी, बास. कार्यक्रमावर बोट ठेवलं की दुसरी स्क्रीन, तिच्यावर सगळ्यात वर नाव, मग वेळ, स्थळ, दर, तिकिटासाठी फोन, जायचं कसं. कलाकारांची ओळख आणि फोटो त्याच्या खाली. संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत पहिल्या स्क्रीनवर घालायचा आग्रह होतो, प्रेमाने समजावून ते "आमच्याविषयी" मध्ये टाका.

हे कागद किंवा फिग्मात (स्क्रीनची डिझाईन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढलेलं चित्र घेऊन परत त्याच चहाच्या रांगेत जा. एखाद्या काकांना सांगा, "शनिवारी संध्याकाळी साईखेडकरला काय आहे ते शोधून दाखवा," आणि मग गप्प बसा. मदत करायची नाही, "वर बघा ना काका" असंही म्हणायचं नाही. बोट कुठे अडतंय ते लिहून घ्यायचं. पाच-सहा जण झाले की त्याच त्याच जागा अडायला लागतात, त्या आधी दुरुस्त करायच्या.

पायरी ५: मराठी नीट दिसली पाहिजे, आणि सापडलीही पाहिजे

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चांगली चांगली अ‍ॅप्स इथे ढिली पडलेली दिसतात. फॉन्ट म्हणून नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा बालू घ्या, तिन्ही फुकट आहेत आणि स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, आणि बटणाची उंची कमी असेल तर "र्की" सारख्या अक्षराचा माथा कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते. भाषा म्हणून "मराठी" सेट करा, नुसती देवनागरी म्हणून हिंदी नको, कारण फॉन्टमध्ये सोय असेल तर "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात, आणि दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (फोनमधलीच मोठ्याने वाचून दाखवायची सोय) मजकूर वाचतं तेव्हा कोणत्या भाषेत वाचायचं हेही त्याला यावरून कळतं. वेळ-दर असलेलं पोस्टर नुसतं चित्र म्हणून टाकलं तर त्या माणसाला काहीच कळत नाही, म्हणून मजकूर हा मजकूर म्हणूनच द्या आणि चित्राला वर्णन लिहा.

सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेल्या फोनवर तुमची स्क्रीन उघडून बघा. बटणं अँड्रॉइडच्या सल्ल्याप्रमाणे किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) ठेवा, आणि फिकट करड्या रंगातलं अक्षर वापरू नका, साध्या मजकुराला मागच्या रंगाशी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो.

शोध हा वेगळाच विषय आहे. "दुसऱ्या" हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाईप होतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. "अ‍ॅ" तर तीन तऱ्हांनी. कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि समोर असलेलं नाटक "सापडलं नाही" असं येतं. म्हणून माहिती साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी सगळ्या तऱ्हा एकाच तऱ्हेत बदलून घ्या. जोडीला प्रत्येक नावाचं रोमन लिपीतलं स्पेलिंग एका लपवलेल्या रकान्यात ठेवा, कारण अर्धे लोक मराठी शब्द इंग्रजी कीबोर्डवर टाईप करूनच शोधतात.

पायरी ६: तंत्र

थोडक्यात सांगतो. एकट्याने किंवा दोघातिघांनी करणार असाल आणि पुढे आयफोनही पाहिजे असेल तर फ्लटर घ्या. जावास्क्रिप्ट आधीपासून येत असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. फक्त अँड्रॉइडच करायचं असेल तर कोटलिन. तिन्हीत चांगली अ‍ॅप्स बनतात, यावर महिनाभर वाद घालू नका. आयफोनसाठी अ‍ॅप तयार करायला मॅक लागतो, तो नसेल तर अँड्रॉइडपासून सुरू करा, आपल्याकडच्या प्रेक्षकांत तेच फोन जास्त दिसतात. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवर चालणारा नकली फोन, जड जातो, खरा फोन यूएसबीने जोडून तपासा, आणि तो फोन जुना असेल तर आणखी चांगलं.

शीटमधली माहिती पहिल्यांदा जेसन फाईल (कोडला सहज वाचता येणारी साधी मजकुराची फाईल) म्हणून काढून कुठेही ठेवली तरी चालते, सर्व्हर लागत नाही. अ‍ॅपने ती उतरवून फोनमध्ये साठवायची आणि नेट नसेल तेव्हा साठवलेलीच दाखवायची, वर "शेवटचं अपडेट काल रात्री ९" असं लिहून. सिंहस्थाच्या गर्दीत पंचवटीत, रामकुंडावर लाखो फोन एकदम नेटवर्क मागणार, त्या दिवसांत घाटावरचे सांस्कृतिक कार्यक्रम दाखवायचे असतील तर नेटशिवाय चालणारं अ‍ॅपच कामाला येणार.

पायरी ७: टॅबलेट म्हणजे ताणलेला फोन नाही

६०० डीपीपेक्षा रुंद स्क्रीन मिळाली की मांडणी बदलायला लागा, ८४० च्या पुढे तर सरळ दोन भाग करा, डावीकडे यादी आणि उजवीकडे तपशील. घरी सोफ्यावर बसून चित्रं बघणाऱ्यासाठी हे फार सुखाचं होतं, चित्र मोठं करून ब्रशचा फटकारा बघता येतो. त्यासाठी चित्राच्या दोन प्रती ठेवा, यादीसाठी छोटी आणि झूम करायला मोठी, वेबपी फॉरमॅटमध्ये.

प्रदर्शनात टॅबलेट मांडणार असाल तर तयारी वेगळी. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिन करून ठेवता येतं आणि आयपॅडमध्ये गाईडेड अ‍ॅक्सेस असतं, दोन्हीमुळे माणूस अ‍ॅपच्या बाहेर जात नाही. मिनिटभर कोणी हात लावला नाही की आपोआप पहिल्या स्क्रीनवर यायला हवं. लॉगिन अजिबात नको. चार्जर कायम जोडलेला, वायर लोकांच्या पायात येणार नाही अशी. स्टँडची उंची अशी की शाळेतलं पोर आणि व्हीलचेअरवरची आजी दोघांना दिसेल, आणि वरच्या दिव्याचा झोत काचेवर पडत नाही ना हे प्रदर्शन उघडायच्या आदल्या संध्याकाळी तपासा. व्हिडिओ असेल तर खाली मजकूर द्याच, कारण हॉलमध्ये आवाज मोठा ठेवता येत नाही.

पायरी ८: तिसऱ्या घंटेनंतर अ‍ॅपने गप्प राहायचं

नाट्यगृहात काळोख झाल्यावर एक स्क्रीन पेटली तरी मागच्या चार रांगांचं लक्ष जातं आणि रंगमंचावरच्या नटालाही ती दिसते. ज्याने आज रात्रीचा प्रयोग "जाणार" म्हणून खूण केलाय त्याला त्या प्रयोगाच्या वेळात तुमच्या अ‍ॅपकडून एकही नोटिफिकेशन जाता कामा नये. तुमच्याकडे सुरुवातीची वेळ आहे, नाटक किती वेळाचं आहे तेही आहे, मग हे कोडमध्ये दहा-पंधरा ओळींचं काम आहे. प्रयोगाच्या दहा मिनिटं आधी "फोन सायलेंट केला का?" अशी एक आठवण जाऊ द्या, ती खरंच उपयोगी पडते. बंदिशीचे शब्द किंवा परभाषेतल्या नाटकाचा अनुवाद प्रयोग चालू असताना फोनवर दाखवायचा असेल तर पूर्ण काळी पार्श्वभूमी, मंद करडी अक्षरं आणि आयोजकांची आधी परवानगी.

एरवीही आठवड्याला एक-दोनपेक्षा जास्त नोटिफिकेशन नको. अँड्रॉइड १३ पासून त्यासाठी परवानगी मागावी लागते, ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागू नका, माणसाने पहिला कार्यक्रम जपून ठेवला की त्या क्षणी विचारा, "याची आठवण देऊ का?" तेव्हा लोक आनंदाने हो म्हणतात.

पायरी ९: लेणी आणि शहरातली फेरी, ऑडिओसकट

ज्यांना प्रत्यक्ष जागेवर वापरायचं अ‍ॅप करायचंय त्यांच्यासाठी नाशिकसारखं गाव नाही. पांडवलेणीची २४ लेणी, त्यात ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करणारा, १० नंबरमध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या काळचे लेख आणि १८ नंबरचं चैत्यगृह. पायथ्याशी फाळके स्मारक. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ मध्ये नाशकातच गेले. गावात सरकारवाडा, आणि विजयानंद नाट्यगृह, जिथे २१ डिसेंबर १९०९ ला नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या.

लेण्यांच्या आत जीपीएसवर भरवसा ठेवू नका, दगडाखाली तो हुकतो, आणि शेजारशेजारच्या दोन लेण्यांतला फरक त्याला तसाही कळत नाही. संरक्षित स्मारकावर आपण स्वतःहून क्यूआर कोड चिकटवायचे नसतात. मग उपाय साधा, लेण्याचा नंबर टाका आणि ऐका, सोबत दाराचा एक फोटो म्हणजे आपण बरोबर लेण्यासमोर उभे आहोत हे कळेल. सगळा ऑडिओ चढायच्या आधी, शक्यतो घरी वायफायवर, उतरवून घ्यायला सांगा. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएस मोनोमध्ये मिनिटाला साधारण अर्धा एमबी होतो, म्हणजे २० थांबे, प्रत्येकी दोन मिनिटं, मिळून १९-२० एमबी, एवढ्याची कोणाला अडचण नसते. एका थांब्याला दोन मिनिटांच्या वर बोलू नका, आणि बोलताना "आता डावीकडे वर बघा" असं सांगत जा, म्हणजे माणसाची नजर भिंतीवर राहील, फोनवर नाही.

स्क्रिप्ट लिहिताना आधी जागेवर उभं राहून मोठ्याने वाचून बघा. पुस्तकात चांगलं वाटणारं वाक्य चढून दम लागलेल्या माणसाला कानात ऐकवलं की पार डोक्यावरून जातं.

पायरी १०: परवानग्या आणि हक्क

कलेच्या अ‍ॅपमध्ये हे टाळून चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता अ‍ॅपमध्ये वाचून टाकायची तर २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो, फोटोवर फोटोग्राफरचा असतो, आणि गाणाऱ्या-अभिनय करणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्कही असतो. चित्र विकत घेतलं म्हणून ते अ‍ॅपमध्ये छापायचा हक्क मिळत नाही, चित्रकाराला विचारावं लागतं. एक पानी मराठी परवानगीपत्र तयार ठेवा, कोणती कलाकृती, कोणत्या अ‍ॅपसाठी, किती काळ, मानधन किती, आणि सही. आणि मानधन द्या, थोडं असलं तरी द्या, कलाकाराचं काम फुकट घेऊन कलेची सेवा होत नाही.

पायरी ११: तिकीट, पैसे, लोकांची माहिती

पहिल्या आवृत्तीत तिकीटविक्री करू नका, आयोजकाच्या फोनची किंवा जिथे विक्री चालू आहे तिथली लिंक द्या. पुढे करायचीच झाली तर यूपीआय घेणारा पेमेंट गेटवे जोडा. प्रत्यक्ष बसून बघायच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला प्ले स्टोअरची स्वतःची बिलिंग पद्धत लागत नाही, पण अ‍ॅपच्या आतच रेकॉर्डिंग किंवा ऑडिओ विकणार असाल तर स्टोअरचे नियम वेगळे असतात, ते त्या वेळी वाचून घ्या. दारावर क्यूआर स्कॅन करणाऱ्या फोनमध्ये सगळी यादी आधीच उतरवलेली असू द्या, आणि दोन दारं असतील तर एकाच तिकिटाचा स्क्रीनशॉट दोन्हीकडून आत जाणार नाही याची सोय करा. खिडकीवरचं कागदी तिकीट मात्र बंद करायला लावू नका.

नाव, नंबर, जन्मतारीख विचारू नका, कार्यक्रमांची यादी बघायला लॉगिन कशाला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि बालनाट्याचा प्रेक्षक तर तोच आहे. माहिती घेतलीच नाही तर सांभाळायचीही नाही.

पायरी १२: स्टोअरवर टाकणं आणि नंतर

गुगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचं दर वर्षी ९९ डॉलर. वैयक्तिक नवीन खात्याला प्लेवर अ‍ॅप सगळ्यांसाठी उघडायच्या आधी किमान १२ टेस्टरांनी सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, करावी लागते, तर ते बारा-पंधरा जण आपल्या नाट्यसंस्थेतून, गाण्याच्या क्लासमधून आधीच गोळा करा, आणि त्यात साठीच्या पुढचे तिघे-चौघे तरी पाहिजेतच. प्रायव्हसी पॉलिसीचं पान लागतं, डेटा सेफ्टीचा फॉर्म भरावा लागतो, टॅबलेटचे स्क्रीनशॉट वेगळे द्यावे लागतात. शक्य असेल तर खातं संस्थेच्या नावाने काढा, त्याला डन्स नंबर (संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक) लागतो, तो मिळायला वेळ जातो म्हणून लवकर अर्ज करा.

लोकांपर्यंत पोचवायला तिकीटखिडकीशेजारी आणि चहाच्या स्टॉलपाशी, हॉलच्या माणसांना विचारून, क्यूआर असलेला कागद लावा, आणि पहिले काही प्रयोग तिथे स्वतः उभे राहून लोकांना अ‍ॅप घालून द्या. डाउनलोडचा आकडा बघत बसू नका. त्यापेक्षा दर महिन्याला एक हिशोब मांडा, शहरात झालेल्या कार्यक्रमांपैकी किती आपल्या अ‍ॅपमध्ये किमान तीन दिवस आधी आले होते आणि किती सुटले, आणि सुटले ते कोणत्या भागातले, कोणत्या संस्थेचे. मग त्या संस्थांना फोन करायचे.

प्ले स्टोअर दर वर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे अ‍ॅप अपडेट करायला लावतं, म्हणजे एखाद-दुसरा आठवडा दर वर्षी कोणीतरी बसावं लागणार हे आधीच धरून चला. हे काम बहुतेक ठिकाणी इंजिनिअरिंगची एखादी मुलगी किंवा मुलगा करतो आणि शिक्षण संपलं की पुण्याला नोकरीला जातो. म्हणून खात्याचा पासवर्ड, नव्या आवृत्तीवर डिजिटल सही करायची की-फाईल, कोड, शीट आणि आयोजकांचे नंबर या पाच गोष्टी संस्थेच्या दोन माणसांकडे लिहून ठेवा, आणि पुढच्या मुलाला बसवून एकदा त्याच्याच हाताने नवीन आवृत्ती स्टोअरवर चढवून घ्या, आधीचा मुलगा शेजारी असतानाच.